काम कोणीं वांटावें?

संत तुकाराम नगरांतील पालक मुलांकरितां संगणक घ्यावयास निघाले म्हणजे दुकानांत पहिला प्रश्न हाच विचारतात कीं, यांत ‘कोअर’ किती? म्हणजे हिशेब करणारे प्रोसेसर किती? आठ म्हटले कीं समाधान. घामाचा पैसा एवढ्या एका आंकड्यावर खर्च व्हावा, हें आम्हांस पसंत नाहीं.

प्रोसेसर पुष्कळ असले तरी त्यांना काम कोण देतो, हें पाहावयास फार दूर जावयास नको. पुण्यास १९८८ सालीं ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली व डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं तेथें ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. त्यांत ‘ट्रान्सप्यूटर’ जातीचे ६४ प्रोसेसर जोडलेले होते. प्रत्येकाची स्मृति वेगळी व शेजाऱ्याशीं बोलावयास वाटा चारच. मौज अशी कीं, ट्रान्सप्यूटरास स्वतःचा असा क्रमांक नसतो. एखाद्या वाटेनें आज्ञावली येईपर्यंत तो स्वस्थ बसून राही. म्हणून अशा यंत्रांत एक हिंडती आज्ञावली सोडण्याची युक्ति निघाली. अभियंते तिला ‘अळी’ म्हणत. ती चारी वाटांनीं पुढें सरे, निजलेल्यास जागें करून क्रमांक देई, आणि आधींच जागा असलेला भेटला तर तशी नोंद करी. अशा रीतीनें साऱ्या जाळ्याचा नकाशा तयार होई. आपल्या भागांतील कारखान्यांतही तिकीट नंबर कोणी जन्मतः घेऊन येत नाहीं!

परंतु नंबर मिळाला म्हणजे काम मिळालें असें नव्हे. तें वांटावयाचें आज्ञावली लिहिणाऱ्या माणसानें. हवामानाचा हिशेब असेल तर नकाशाचे चौकोन पाडून एकेकास द्यावयाचे, आणि लगतचे चौकोन शक्यतों लगतच्याच प्रोसेसरांकडे ठेवावयाचे. कारण कडेचे आंकडे वारंवार शेजाऱ्यास कळवावे लागतात. एकाच्या पदरीं जड चौकोन पडला कीं बाकीचे त्रेसष्ट त्याची वाट पाहत बसले.

आतां निरनिराळीं कामें निरनिराळ्या कोअरांवर बसविण्याचें काम ऑपरेटिंग सिस्टिम मुकाट्यानें करते. पण एकाच कामाचे तुकडे ती आपण होऊन पाडीत नाहीं. जीन अ‍ॅम्डाल यांनीं १९६७ सालीं मांडलेल्या विचारानुसार, कामाचा दहावा हिस्सा तोडतां येत नसेल तर हजार प्रोसेसर लावूनही वेग दसपटीपलीकडे जात नाहीं.

शाळेच्या अभ्यासास आमच्या मतें चार कोअर पुष्कळ झाले. त्याआधीं मुलांच्या हातीं कागद द्यावा. एका वर्गाच्या साऱ्या गुणांची बेरीज आठ जणांत कशी वांटाल, कोण कोणाकरितां अडून राहील, हें त्यांनीं लिहून काढावें. शेवटची बेरीज एकालाच करावी लागते, हें त्यांना तेथेंच दिसेल.