काबूलचे भंगार आणि आपला जल्लोष

ऑगस्ट महिना आला की आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो फोटो हमखास येतो. डोक्याला पटका, खांद्यावर बंदूक आणि लष्करी हेलिकॉप्टरच्या कॉकपिटमध्ये ऐसपैस बसलेला तालिबानी. खाली माशाअल्लाह, सुब्हानअल्लाह. या वेळी माझ्या भाच्याने त्यावर ‘माल-ए-गनीमत’ असे लिहून पाठवले. मी त्याला म्हटले, बेटा, फोटो जरा मोठा करून बघ. काचा फोडलेल्या दिसतील, आतली यंत्रे मोडलेली दिसतील. उत्तर आले, ‘खाला, तुम्ही पण ना!’

त्याला ग्रुपवर समजावणे शक्य नाही, म्हणून इथे लिहिते आहे. आणि दरवेळी ‘काबूलबद्दल तुमचे मत काय?’ असे खोचकपणे विचारणाऱ्या बीएडच्या जुन्या वर्गमित्रांसाठीही लिहिते आहे.

30 ऑगस्ट 2021 च्या मध्यरात्रीच्या जरा आधी अमेरिकेचे शेवटचे विमान काबूलहून उडाले. त्यानंतर जनरल केनेथ मॅकेन्झी यांनी सांगितले की विमानतळावर 73 विमाने आणि हेलिकॉप्टरे निकामी करून सोडली आहेत, ती पुन्हा कधी उडणार नाहीत. त्यात ब्लॅक हॉक होती, छोटी एमडी-530 होती, सेसना विमाने होती. सोबत 70 सुरुंगरोधक गाड्या आणि 27 हमव्ही. सकाळी तालिबानी आत शिरले, फोटो काढले, आणि मग त्यांच्यातल्याच काहींनी पत्रकारांपुढे कुरकुर केली की ही तर देशाची मालमत्ता, ती मोडायला नको होती. आपल्याकडे मात्र तोच फोटो फत्तेहचा म्हणून फिरला.

हा लष्करी तळ नव्हता, हेही लक्षात घ्या. बगरामचा तळ अमेरिकेने जुलैमध्येच रातोरात रिकामा केला होता. उरला काबूलचा नागरी विमानतळ, जिथून अफगाण माणसे हजला जातात, दुबईला मजुरीला जातात, दिल्लीला उपचारांसाठी येतात. एका बाजूला प्रवासी टर्मिनल, दुसऱ्या बाजूला लष्कर, मध्ये एकच धावपट्टी. त्याच विमानतळाच्या फाटकावर 26 ऑगस्टला आयसिसच्या हल्लेखोराने स्वतःला उडवून दिले. 13 अमेरिकी सैनिक आणि सुमारे 170 अफगाण मेले. 29 ऑगस्टला अमेरिकेने ड्रोन सोडले आणि दहा निरपराध माणसे मारली, त्यातली सात मुले. चूक झाली, अशी कबुली अमेरिकेने 17 सप्टेंबरला दिली. त्याच दिवशी, त्याच तारखेला, तालिबानच्या शिक्षण खात्याने जाहीर केले की माध्यमिक शाळेतल्या मुलांनी आणि पुरुष शिक्षकांनी वर्गात यावे. मुलींचा उल्लेखच नव्हता.

एका तारखेच्या या दोन बातम्यांपैकी आपल्या ग्रुपवर कोणती फिरली? पहिली. फिरायलाच हवी होती. पण दुसरी का नाही?

आता त्या हेलिकॉप्टरांकडे वळू. काबूलच्या धावपट्टीशेजारी भंगार साठण्याची ही पहिली वेळ नव्हती. अमेरिकेने अफगाण हवाई दलासाठी इटलीत बनलेली 20 जुनी जी-222 मालवाहू विमाने आणली, कार्यक्रमावर सुमारे 55 कोटी डॉलर खर्च केले. सुटे भाग मिळेनात, विमाने उडेनात. 2014 मध्ये त्यातली 16 तिथेच तोडली आणि भंगारवाल्याला विकली. मिळाले सुमारे 40 हजार डॉलर. हे मी तालिबानच्या पत्रकातून सांगत नाही. अफगाणिस्तानातल्या अमेरिकी खर्चावर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्याच ‘सिगार’ या सरकारी कार्यालयाने हे लिहून ठेवले आहे.

पुढे 2017 पासून ब्लॅक हॉक आली. अफगाण वैमानिक आणि मेकॅनिक यांचा हात रशियन बनावटीच्या एमआय-17 वर बसलेला होता. कित्येक वर्षे त्यांनी ती स्वतः उघडली, जोडली, उडवली होती. ती जास्त ओझे उचलायची, उंच डोंगरात चालायची. ती बाजूला सारून अमेरिकी यंत्र दिले आणि त्याची दुरुस्ती परदेशी कंत्राटदारांच्या हातात ठेवली. 2021 च्या उन्हाळ्यात कंत्राटदार निघून गेले तसे हवाई दल जमिनीवर बसू लागले. यंत्र दिले, पण त्याचे इल्म स्वतःपाशीच ठेवले. वीस वर्षांच्या ‘राष्ट्रउभारणी’ची यापेक्षा कडक समीक्षा मला तरी करता येणार नाही.

मग विजेत्यांना काय मिळाले? विमानतळ पुन्हा सुरू करायला कतारहून तंत्रज्ञ बोलवावे लागले. मोडलेल्यांपैकी काही आणि इतर तळांवर मिळालेली काही हेलिकॉप्टरे पुढे दुरुस्त करून उडवली, हे खरे. पण त्यासाठी कोणाला साद घातली? जुन्या हवाई दलातल्या वैमानिकांना आणि मेकॅनिकांना, म्हणजे ज्यांना कालपर्यंत गद्दार म्हटले त्यांनाच. 10 सप्टेंबर 2022 ला काबूलमध्ये प्रशिक्षणाच्या वेळी एक ब्लॅक हॉक कोसळले, तीन माणसे गेली. नाऱ्यांवर हेलिकॉप्टर उडत नाही. ते उडते जाडजूड पुस्तिका वाचणाऱ्या मेकॅनिकच्या जोरावर, आणि तो मेकॅनिक एखाद्या शाळेतून येतो. मी शाळेत शिकवते, त्यामुळे हा मुद्दा मला जरा जास्तच टोचतो. सहावीनंतर मुलींना घरी बसवणारा जगातला हा एकमेव देश आहे. मार्च 2022 मध्ये शाळा उघडायचे ठरले, मुली दप्तर घेऊन आल्या आणि त्यांना परत पाठवले. डिसेंबरमध्ये विद्यापीठेही बंद केली. माझ्या नववीच्या वर्गातली प्रत्येक मुलगी तिथे असती तर सातवीपासूनच घरी बसली असती. हे शरियतच्या नावाने खपवणाऱ्यांनी सांगावे, मक्का-मदिनेतल्या, कैरोतल्या, जकार्तातल्या मुली मग कोणत्या दीनवर आहेत?

आणि याच देशात 1990 च्या सुमारास लतीफा नबीजादा नावाची बाई लष्करी हेलिकॉप्टर उडवायला शिकली होती. पुढे ती एमआय-17 चालवायची आणि सांभाळायला कोणी नसे म्हणून लहान मुलीला कॉकपिटमध्ये सोबत न्यायची. नंतरच्या पिढीतली नीलोफर रहमानी सेसना कॅरॅव्हॅन उडवायची. काबूलला निकामी करून ठेवलेल्यांत त्याच जातीची विमाने होती.

आता वर्गमित्रांसाठी दोन शब्द. सप्टेंबर 2021 मध्ये नसीरुद्दीन शाह यांनी तालिबानचा जल्लोष करणाऱ्या इथल्या मुसलमानांना सुनावले, तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी त्यांनाच झोडपले. ते चुकीचे होते, हे मी तेव्हाही म्हटले होते. पण तुमचा प्रश्न त्यासाठी नव्हताच. तुम्हाला मत नको होते, प्रतिज्ञापत्र हवे होते. ऑगस्ट 2021 मध्ये कुंदूझच्या विमानतळावर तालिबानच्या हाती एक एमआय-24 लागले, पाती काढलेले. ते भारताने अफगाणिस्तानला भेट दिले होते, तुमच्या-माझ्या करातून. मग ते फक्त माझ्याच खात्यावर का? ऑक्टोबर 2025 मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीत आले. आपल्या सरकारने काबूलमधले कार्यालय पुन्हा दूतावास करण्याची घोषणा केली. शेजारी देशाशी बोलावेच लागते, माझी हरकत नाही. पण त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत एकाही महिला पत्रकाराला बोलावले नव्हते. ओरड झाल्यावर दोन दिवसांनी दुसरी घेतली. देवबंदमध्ये त्यांच्यावर फुले उधळली गेली. त्या आठवड्यात मी फोन उघडून बसले होते. ना भाच्याने काही लिहिले, ना वर्गमित्रांपैकी कोणी.

परवा मी त्याच ग्रुपवर नीलोफर रहमानीचा फोटो टाकला, गणवेशातला, काळा चष्मा लावलेला. खाली लिहिले, ही आता अमेरिकेत आहे. दोन निळ्या टिका आल्या. भाच्याने अजून तो पुढे पाठवलेला नाही.