साठ हजारांची पुडी सगळ्यांना एकच कशी?

मागच्या जयंतीच्या आरोग्य शिबिरात आम्ही ड जीवनसत्त्वाच्या पुड्या रांगेतल्या प्रत्येकाला वाटल्या. ही आमची चूक होती.

वस्तीतल्या एका आजींना ही साठ हजार युनिटची पुडी डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा लिहून दिली होती. त्यांनी ती रोज घेतली. मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान लागायला लागली; रक्त तपासले तर कॅल्शियम वाढलेले. दोष आजींचा नाही. चिठ्ठी इंग्रजीत, आणि मेडिकलमध्ये तोंडी कुणी सांगितले नाही.

मोठ्या माणसाची रोजची गरज 600 युनिट. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा ऐवज! हे जीवनसत्त्व चरबीत साठते, जास्तीचे लघवीवाटे सहज निघून जात नाही. कमतरता भरून काढायला साधारण आठ आठवडे आठवड्याला एक पुडी देतात. पुढे किती घ्यायची ते डॉक्टरच ठरवतात.

आता गरज कुणाला? बिगारी कामावर दिवसभर उन्हात राबणाऱ्या भावाला आणि तळमजल्याच्या अंधाऱ्या खोलीत शिलाई मारणाऱ्या ताईला एकच माप कसे लागेल? खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही. टीबीच्या औषधातले रिफाम्पिसिन आणि फिटची काही औषधे शरीरातले हे जीवनसत्त्व लवकर संपवतात. अंगाने जाड असलेल्यांना जास्त मात्रा लागते. मुतखडा किंवा किडनीचा आजार असेल तर विचारल्याशिवाय पुडी घेऊच नये. तपासणी मात्र प्रत्येकाने करावी असे नाही. धडधाकट माणसाने त्या महागड्या तपासणीवर पैसे घालवू नयेत, असे आमचे मत आहे.

सगळ्यात दुर्लक्ष होते ते तान्ह्या बाळांकडे. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व फार कमी असते, म्हणून वर्षाचे होईपर्यंत बाळाला रोज 400 युनिट थेंबांतून द्यावे लागते. दूध मात्र आईचेच चालू ठेवावे.

यंदाच्या वर्गणीतून पुड्या घ्यायच्या की बाळांसाठी थेंब, हा प्रश्न मंडळापुढे आहे. आम्ही थेंबांच्या बाजूने आहोत. फक्त बाटली देताना एक पाहावे लागेल: काही बाटल्यांत एका मिलीत 400 युनिट असतात, काहींत 800. ड्रॉपरवर किती रेघेपर्यंत भरायचे, ते प्रत्येक आईला हातात धरून दाखवायचे.