वसतियोग्य आणि वसलेला
सूर्याला सर्वांत जवळ असलेल्या प्रॉक्झिमा सेंटॉरी या ताऱ्याभोवती फिरणारा एक ग्रह २०१६ साली सापडला. अशा ग्रहांना इंग्रजीत ‘अर्थ-लाइक’, ‘हॅबिटेबल’ ही विशेषणे लावतात. मग तेथे दुसरी पृथ्वीच नांदत आहे, असा वाचकाचा समज होतो. वस्तुतः या ग्रहाचे वस्तुमान पृथ्वीच्या जवळपास असावे आणि ताऱ्यापासून एवढ्या अंतरावर पाणी द्रवरूप राहू शकेल, इतकाच त्या शब्दांना आधार आहे. तेथे हवा वा पाणी असल्याचे अद्याप सिद्ध झालेले नाही.

आमच्या राहुरीचा शेतकरी लागवडीयोग्य जमिनीला उभे पीक म्हणत नाही. विद्यार्थिमित्रहो, आपणही ‘वसतियोग्य’ म्हणजे ‘वसलेला’ असे मानू नये. ‘पृथ्वीसदृश’ म्हणताना सादृश्य कशात, हेही सांगावे. शब्द परका असो वा आपला, त्याने ज्ञानाच्या पुढे धावू नये.