हातानं केलेलं म्हणजे काय?

ओतलेल्या रंगांची शुभेच्छापत्रं हल्ली बरीच मंडळी घरी करू लागली आहेत आणि ती पाहून नाकं मुरडणारेही आहेत. त्यांचा आक्षेप ऐकण्यासारखा आहे. कुंचला नाही, रेघ नाही. पेल्यात चार रंग घ्यायचे आणि उपडे करायचे. रंग आपले आपण वाहणार. मग याला ‘हातानं केलेलं’ म्हणायचं कशाला? माझं मत अगदी उलट आहे.

आधी कृती सांगतो. ॲक्रिलिक रंगांत पांढरा फेव्हिकॉल आणि थोडं पाणी घालून ते धिरड्याच्या पिठाइतके सैल करायचे. हलक्या हातानं ढवळायचं, नाहीतर बुडबुडे येतात. कागदी पेल्यात एकावर एक रंग ओतून तो पुठ्ठ्यावर ताणलेल्या प्लास्टिकवर उपडा करायचा आणि पुठ्ठा चारी बाजूंना कलता करायचा. थेट कार्डावर ओतू नये. कार्ड पाणी पिऊन पापडासारखं वळतं. दोन-तीन दिवसांनी सुकलेला रंग साय निघावी तसा सोलून निघतो. त्यातला हवा तो तुकडा कापून कार्डावर चिकटवायचा. (उरलेला रंग मोरीत ओतू नये. मोरी तुंबल्यावर घरात कलेची चर्चा होत नाही.)

रंगात जी जाळी पडते, ती काही जादू नव्हे. जड रंग हलक्या रंगावर पडला की खाली बुडतो आणि खालचा वाट काढत वर येतो. मेक्सिकोचे चित्रकार सिकेरोस यांनी १९३६ साली न्यूयॉर्कच्या आपल्या कार्यशाळेत असे प्रयोग केले. तरुण जॅक्सन पोलॉक तिथं होता. २०१५ साली मेक्सिकोतल्या शास्त्रज्ञांनी तसेच रंग ओतून, मोजमाप करून, ही कारणमीमांसा प्रसिद्ध केली. कारण कळलं, तरी तीच नक्षी पुन्हा काढता येत नाही.

आम्हा बँकवाल्यांना हा गुण मोलाचा वाटतो. पूर्वी हिशेबवह्यांच्या पानांच्या कडा पाण्यावर तरंगवलेल्या रंगांनी रंगवत. एखादं पान फाडलं की नक्षी तुटे आणि लबाडी उघडी पडे. अमेरिकेत १७७५ साली निघालेल्या वीस डॉलरच्या नोटेलाही अशाच कागदाची कड होती.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांना कंपवात झाला. ज्या माणसानं तीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या नमुन्याशी ताडून पाहिल्या, त्यांचाच चेक एके दिवशी ‘सही जुळत नाही’ म्हणून परत आला. नियमाला धरूनच झालं ते. पण तेव्हापासून त्यांनी कागद-पेन दूर सारलं. दरवर्षी येणारं त्यांचं दिवाळीचं पत्रही थांबलं. पुढं सूनबाईंनी रंग आणले. पेला त्या उपडा करतात. पुठ्ठा मात्र हे धरतात. हात थरथरला म्हणून रंगाचं काही बिघडत नाही. कलता करणं कुठं थांबवायचं, हे तेच ठरवतात. सुकल्यावर कुठला तुकडा कापायचा, तेही तेच बोट ठेवून दाखवतात, आणि सूनबाईंचं चुकलं तर रागावतात. आता सांगा, हे हातानं केलेलं नव्हे?

माझी तक्रार असलीच तर वेगळी आहे. वर इतका देखणा तुकडा लावायचा आणि आत बाजारातल्या छापील चार ओळी चिकटवायच्या, हे काही खरं नाही. दोनच ओळी लिहा, पण आपल्या लिहा. या गृहस्थांच्या कार्डात आत फक्त त्यांचं नाव असतं, उतारावरून घसरल्यासारखं. त्यांना उत्तर पाठवायचं तर आमचेही रंग चांगले आठवडाभर आधी ओतायला हवेत. दमट हवेत ते लवकर सुकत नाहीत.