उचल आणि पुराव्याचे ओझे



चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या उइघुर मजुरांवरील सक्तीबद्दल अमेरिकेने २०२१ मध्ये कायदा केला. तिथला कापूस किंवा टोमॅटो बंदरात आला की तो सक्तीच्या श्रमाचाच आहे असे आधी धरायचे. तसे नाही, हे आयात करणाऱ्याने सिद्ध करायचे. आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्या १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याचे कलम १५ हेच सांगते. हे कर्ज वेठबिगारीचे आहे असे मजुराने किंवा दक्षता समितीने म्हटले, तर ते तसे नाही हे सावकाराने सिद्ध करायचे. पंचेचाळीस वर्षे आधी केलेले हे कलम आपण कपाटात ठेवून दिले आहे.

त्या कलमाची गरज आमच्या हिंगोली जिल्ह्यात दरवर्षी दिसते. दिवाळी सरली की सेनगाव, कळमनुरी, औंढ्याकडचे तांडे आणि वाड्या ओस पडतात. बंजारा, आंध आदिवासी, दलित घरांतली जोडपी मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. दोघांनी दिवसाला दोन टन तोडला तर ७३२ रुपये, आणि तेही उचलीत वळते. आजारपणात खाडा (गैरहजेरी) झाला की दंड. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. मग पुढच्या वर्षी जायचे की नाही, हे ठरवायला तो माणूस मोकळा कुठे राहिला?

पाळीच्या दिवसांतही खाडा नको, ही भीती बाईच्या अंगावर कशी निघते ते बीडने २०१९ मध्ये पाहिले. तिथल्या सरकारी पाहणीत तेरा हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची गर्भाशये काढलेली आढळली. हीच साखर कोका-कोला आणि पेप्सीपर्यंत जाते, असे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मार्च २०२४ मध्ये लिहिले, तेव्हा आपल्याकडच्या काहींना त्यात साखर उद्योगाविरुद्धचा कट दिसला. कट असो नसो, फडातली बाई खोटी नव्हती.

साखर घेणाऱ्या अशा कंपन्यांची तपासणी सहसा कारखान्याच्या गेटपाशी संपते, कारण कारखाना म्हणतो, तोडकरी आमचे नव्हेत, मुकादमाचे. पैसा कारखान्याचा, ऊस कारखान्याला, तोडणीची चिठ्ठी कारखान्याची. माणूस तेवढा मुकादमाचा! उचल घेऊन टोळ्या पळतात, मुकादम बुडतात, हे खरे आहे. आमच्या भागात शेती विकून बसलेले मुकादम आहेत. पण म्हणूनच कारखान्याने उचल थेट मजुराच्या, आणि बाईच्याही, खात्यावर लेखी कराराने द्यावी. मधला माणूस गेला की बुडण्याचा धोका ज्याचा त्याच्याकडे जाईल, आणि मालक कोण याचाही निकाल लागेल. परदेशी कंपनीने आपली साखर घेणेच बंद करावे, असे मात्र मी म्हणणार नाही. त्यात पहिला उपाशी राहील तो कोयताच.

‘उचल स्वखुशीने घेतात’ हे उत्तर नेहमी मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या एशियाडच्या (आशियाई क्रीडा स्पर्धांच्या) बांधकाम मजुरांच्या खटल्यात त्याचा निकाल लावला आहे: दुसरा पर्यायच नसल्याने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर पत्करावे लागलेले कामही सक्तीचेच.

१९७६ च्या कायद्यात जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या आहेत. जिल्हा समितीत अनुसूचित जाती-जमातींचे तीन स्थानिक सदस्य असलेच पाहिजेत. हिंगोलीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी या सदस्यांची नावे आणि समितीच्या बैठकांची इतिवृत्ते जाहीर करावीत. तांड्यावर जाऊन उचलीच्या नोंदी घ्याव्यात आणि संशयास्पद प्रकरणांत कलम १५ प्रमाणे मुकादम व कारखान्याकडे खुलासा मागावा. उचल वाटायला पावसाळ्यातच सुरुवात होते. समिती त्याआधी बसली पाहिजे.

– एक वाचक, कळमनुरी, जि. हिंगोली