पहिल्या चार दिवसांवरून आयुष्य ठरत नाही



निन्टेन्डोचा ‘स्विच २’ हा गेम कन्सोल ५ जून २०२५ रोजी बाजारात आला आणि चार दिवसांत त्याचे ३५ लाखांहून अधिक नग खपले. सप्टेंबरअखेर हा आकडा १ कोटी ३ लाखांवर गेला. तेवढ्यावरून या यंत्राला पुढची सात-आठ वर्षे चिंता नाही, असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा आहे. आमच्या मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीचे आयुष्य पहिल्या वर्षीच्या उत्पादनावरून कोणी सांगत नाही. खाली साठा किती आहे आणि तो परवडेल अशा खर्चात वर येतो का, हे पाहतात. कन्सोलचा साठा म्हणजे त्यावर येणारे गेम. आज पैसे मोजणारा ग्राहक यंत्रापेक्षाही अजून तयार न झालेल्या गेमच्या भरवशावर पैसे मोजत असतो.

सेगाच्या ‘ड्रीमकास्ट’चा इतिहास हेच सांगतो. ९ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेत तो आला, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत त्याचे सव्वादोन लाखांवर नग विकले गेले. यंत्र उत्तम होते. पण इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससारख्या बड्या कंपनीने त्यासाठी एकही गेम काढला नाही, आणि डीव्हीडी चालवणाऱ्या ‘प्लेस्टेशन २’ची वाट पाहत अनेक ग्राहक थांबून राहिले. जानेवारी २००१ मध्ये सेगाने त्याचे उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. खुद्द निन्टेन्डोनेही हा चटका सोसला आहे. तिचा ‘वी’ दहा कोटींवर खपला. त्याच्यामागून २०१२ मध्ये आलेला ‘वी यू’ १ कोटी ३६ लाखांवर अडकला.

‘वी यू’शी तुलना अन्यायाची आहे, असे कोणी म्हणेल. ते बरेचसे खरे आहे. ‘वी यू’ हे नवे यंत्र आहे की जुन्याची जोडणी, हेच अनेकांना कळले नव्हते. ‘स्विच २’वर मात्र जुन्या ‘स्विच’चे बहुतेक गेम चालतात, आणि त्या जुन्या यंत्राचे १५ कोटींवर नग विकले गेले आहेत. पण ही आधीची शिल्लक झाली, नवी कमाई नव्हे. दुसरा आक्षेप किमतीचा: २०११ मध्ये निन्टेन्डोचा ‘थ्रीडीएस’ हा कन्सोल रेंगाळला, तेव्हा कंपनीने काही महिन्यांतच तो २५० डॉलरवरून १७० वर आणला आणि तो सावरला. तसे आताही करता येईल, असे म्हणतात. मात्र वारे उलटे वाहत आहेत. ‘स्विच’ ३०० डॉलरला आला होता, ‘स्विच २’ ४५० ला. त्याचा ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ हा गेमच ८० डॉलरचा. ऑगस्ट २०२५ मध्ये तर अमेरिकेत आठ वर्षे जुन्या ‘स्विच’ची किंमतही वाढली. गेम महागले की घरटी खरेदी घटते, आणि खप घटला की बाहेरचे निर्माते हात आखडता घेतात.

आपल्याकडचा ग्राहक तर आणखी दूर आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये सर्वांत आधी ‘स्विच’वर आला, पण तो ‘स्विच’ भारतात अधिकृतपणे विकलाच जात नव्हता. ‘स्विच २’च्या पहिल्या दिवशीच्या देशांतही भारत नव्हता. परदेशातून आणलेल्या यंत्राची हमी आणि दुरुस्ती कोण करणार? त्यात काही ‘गेम-की कार्डां’त गेम नसतोच, नुसती किल्ली असते, गेम कंपनीच्या सर्व्हरवरून उतरवावा लागतो. ‘वी यू’ आणि ‘थ्रीडीएस’च्या ऑनलाइन दुकानांतली विक्री मार्च २०२३ मध्ये बंद झाली. विकत घेतलेले गेम तिथून पुन्हा उतरवता येतात, हे मान्य. पण ती सोय किती काळ ठेवायची, हे कंपनी ठरवते, ग्राहक नव्हे.

म्हणून ‘स्विच २’ बुडेलच, असा माझा दावा नाही. पहिल्या विक्रीचा गाजावाजा ओसरल्यावर, तिसऱ्या वर्षी निन्टेन्डोबाहेरचे किती निर्माते त्यावर टिकून आहेत, ते पाहावे आणि मगच त्याच्या आयुष्याबद्दल बोलावे. तोवर पन्नास हजारांच्या घरातला खर्च थांबवून ठेवण्यात ग्राहकाचे काही बिघडत नाही.

— एक वाचक, मलाजखंड (जि. बालाघाट, म. प्र.)