डग्लसचा नवा चेंडू

जॉनी डग्लसचं नाव निघालं की क्रिकेटचे जाणकारही तीन गोष्टी सांगतात आणि थांबतात. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने मुष्टियुद्धात मिडलवेट गटाचं सुवर्णपदक जिंकलं. फलंदाजी इतकी चिवट आणि संथ, की ऑस्ट्रेलियातल्या प्रेक्षकांनी त्याच्या नावातल्या जे. डब्ल्यू. एच. टी. या चार अक्षरांवरून ‘हा आज काही मारायचा नाही’ अशा अर्थाचं टोपणनाव पाडलं. आणि तिसरी गोष्ट त्याच्या मृत्यूची. चौथी गोष्ट म्हणजे त्याची गोलंदाजी. तिच्यापर्यंत कुणी पोचतच नाही. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये सुमारे 1,900 बळी घेणाऱ्या माणसावर हा अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी स्वतः मध्यमगती गोलंदाज होतो. कांगा लीगमध्ये भर पावसाळ्यात आझाद मैदानावर आणि क्रॉस मैदानावर आउटस्विंगर टाकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे या कामाला किती घाम लागतो ते मला ठाऊक आहे. सीम पहिल्या-दुसऱ्या स्लिपकडे रोखायची, मनगट तिच्या मागे ताठ ठेवायचं, आणि चेंडू सुटताना ती जराही डगमगता कामा नये. हवेत लवकर वळणाऱ्या चेंडूला चांगला फलंदाज सोडून देतो. बॅट खाली आल्यावर वळणारा चेंडू बळी मिळवतो. डग्लसकडे तो उशिरा वळणारा चेंडू होता, आणि तो दिवसभर टाकण्याची मुष्टियोद्ध्याची छातीही होती.

सुरुवात मात्र वाईट झाली. 1901 साली लेटन मैदानावर यॉर्कशरविरुद्ध तो एसेक्सकडून पहिला सामना खेळला आणि दोन्ही डावांत शून्यावर गेला. दोन्ही वेळा त्रिफळा उडवला जॉर्ज हर्स्टने. वेगाने टाकलेला चेंडू हवेत वळवून बळी मिळवता येतात, हे ज्यांनी इंग्लंडला पहिल्यांदा दाखवलं त्यांत हर्स्टचं नाव अग्रभागी आहे. म्हणजे स्विंग काय करतो हे डग्लसला पहिल्याच सामन्यात स्वतःच्या स्टंपांवर कळलं. चार वर्षांनी, त्याच लेटनवर, त्याच यॉर्कशरचे पाच फलंदाज त्याने आठ चेंडूंत बाद केले. त्यात हॅटट्रिक होती, आणि त्या आठ चेंडूंवर एकही धाव गेली नाही.

पुढे 1911 मध्ये तो एसेक्सचा कर्णधार झाला आणि 1928 पर्यंत राहिला. एका मोसमात हजार धावा आणि शंभर बळी ही कामगिरी त्याने पाच वेळा केली. 1921 मध्ये डर्बीशरविरुद्ध एकाच सामन्यात नाबाद 210 धावा, एका डावात 47 धावांत 9 बळी आणि दुसऱ्या डावात एकही धाव न देता 2 बळी! आज कुणी असा सामना खेळला, तर आठवडाभर दुसरा विषय निघणार नाही.

आता त्याच्यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप. तो खरा आहे आणि तो झाकायचं कारण नाही.

डग्लस हौशी खेळाडू होता. वडिलांचा लाकडाचा व्यापार, घरची सुबत्ता, खेळण्याचे पैसे घेण्याची गरज नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये हौशी आणि व्यावसायिक यांच्या ड्रेसिंग रूम वेगळ्या असत, आणि कितीएक मैदानांवर आत यायची फाटकंही वेगळी. इंग्लंडचं कर्णधारपद हौशी माणसाकडेच जायचं. 1911-12 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात कर्णधार वॉर्नर आजारी पडला आणि संघ डग्लसच्या हाती आला. सिडनीच्या पहिल्या कसोटीत त्याने फ्रँक फॉस्टरच्या जोडीने नवा चेंडू स्वतः घेतला. संघात सिडनी बार्न्स होता. पगारी खेळाडू, आणि माझ्या मते त्या काळातला जगातला सर्वश्रेष्ठ गोलंदाज. त्याला चेंडू जुना झाल्यावर बोलावलं. बार्न्स संतापला. इंग्लंड 146 धावांनी हरलं.

मेलबर्नच्या दुसऱ्या कसोटीत डग्लसने नवा चेंडू बार्न्सच्या हातात दिला. ऑस्ट्रेलियाची वरची फळी सकाळीच कोसळली, बार्न्सने त्या डावात 44 धावांत 5 बळी घेतले, आणि इंग्लंडने पुढची एकही कसोटी न गमावता मालिका 4-1 अशी जिंकली. बार्न्सचे 34 बळी, फॉस्टरचे 32. चौथ्या कसोटीत खुद्द डग्लसने 46 धावांत 5 बळी घेतले. कसोटीतली ही त्याची सर्वोत्तम कामगिरी त्याने नवा चेंडू सोडून दिल्यानंतरची आहे, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो.

कर्णधारपद त्याला घराण्याने दिलं, बळी त्याने कष्टाने मिळवले. या दोन गोष्टींचा हिशेब वेगळा मांडायला हवा. 1920-21 मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली इंग्लंड ऑस्ट्रेलियात पाचही कसोट्या हरलं. त्याचा ठपका कर्णधार डग्लसवर जरूर ठेवावा, पण गोलंदाज डग्लसचे बळी त्याने कमी होत नाहीत.

ज्या 1911 च्या उन्हाळ्यात डग्लस एसेक्सचा कर्णधार झाला, त्याच उन्हाळ्यात आपला बाळू पालवणकर इंग्लंडमध्ये खेळत होता. भारतीय संघाच्या त्या दौऱ्यात त्याने 114 बळी घेतले. मायदेशी परतल्यावर हिंदू संघाचं कर्णधारपद मात्र त्याला कधीच मिळालं नाही. जात आडवी आली. ते पद त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळालं, तेही 1923 साली. तिकडे वर्ग, इकडे जात. संघातला उत्तम गोलंदाज कोण, हे दोन्हीकडे सगळ्यांना दिसत होतं, आणि तरी निर्णय भलत्याच गोष्टींवर होत होते.

19 डिसेंबर 1930 रोजी डेन्मार्कजवळ दाट धुक्यात दोन जहाजांची टक्कर झाली आणि डग्लस वडिलांसह बुडाला. वडिलांना वाचवायला गेला नसता तर तो जगला असता, असं नंतर सांगितलं गेलं. इंग्लंडने हौशी आणि व्यावसायिक हा भेद 1962 च्या अखेरीस कायमचा मोडीत काढला.

आपल्या मैदानांवर असा भेद नियमाच्या पुस्तकात कधी नव्हता, पण तो नाही असं मला म्हणवत नाही. किट ज्याच्या पैशाने येतं त्याचा मुलगा पहिलं षटक टाकतो आणि लोकलच्या गर्दीतून विरारहून आलेला पोरगा लाँग लेगला उभा राहतो, हे मी खेळताना पाहिलं आणि आजही पाहतो. क्लब चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: या पावसाळ्यात संघ उतरवताना नेटमध्ये कुणाचा चेंडू उशिरा वळतो ते बघा, आणि पहिलं षटक त्यालाच द्या.